कर्ता कारभारी आणि रुसलेले शहर



ज्याने गावाचे काम केले त्याच्यावरच गाव रुसते, असे आपण पुष्कळदा पाहतो. नळाला पाणी आणणारा पडतो आणि नुसता गोड बोलणारा निवडून येतो. असे झाले म्हणजे शहाणी माणसे एकमेकांना म्हणतात, ‘लोक कृतघ्न आहेत, त्यांना कामाची किंमत नाही.’ हे वाक्य इतक्या वेळा बोलले जाते की ते खरेच असावे असे वाटू लागते. आज मला त्या वाक्याचीच तपासणी करावयाची आहे.

मी विद्वान नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढे जे वाचले ते पाळी संपल्यावर, करवीर नगर वाचन मंदिराच्या बाकावर बसून. बाकीचा वेळ कामगार संघटनेत गेला. तेव्हा इतिहासाकडे मी पाहतो तो कामगारांच्या गेटसभेत उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेने. ही नजर कदाचित अपुरी असेल. पण पुढारी आणि लोक यांच्यात अंतर कसे पडते, हे गेटसभेत जितके स्वच्छ दिसते तितके ते ग्रंथात दिसत नाही.

प्रथम ‘महापौर’ म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. शब्द सावरकरांनी दिला आणि तो मोठा भारदस्त आहे. तो ऐकला की अंगरखा, साखळी, पुढे चोपदार असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. पण कायदा उघडून पाहिला तर निराळेच चित्र दिसते. मुंबईचा कायदा १८८८ चा. आपल्यासारख्या इतर शहरांचा कायदा १९४९ चा. दोन्हींत कारभाराची सत्ता आहे ती आयुक्ताच्या हाती, आणि आयुक्त नेमते राज्य सरकार. पैशांच्या नाड्या स्थायी समितीकडे. महापौराने सभेचे अध्यक्षपद भूषवावे, पाहुण्यांचे स्वागत करावे, सभागृहात गोंधळ झाला तर घंटा वाजवावी. रस्त्यात खड्डा पडला तर शिव्या मात्र महापौराच्या नावाने. ज्याच्या हाती फावडे नाही त्याच्याकडे लोक खड्ड्याचा जाब मागतात, आणि ज्याच्या हाती फावडे आहे त्याची तीन वर्षांत बदली होते.

ही अशी चमत्कारिक रचना कोणी केली, आणि का केली? ह्याचे उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच्या एका भांडणात आहे. आपल्या विषयाचा पहिला धडाही त्या भांडणातच आहे.

१८६५ साल. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. शहरात पैशांचा पूर आला होता, शेअरांचा सट्टा बोकाळला होता. युद्ध संपले, भाव कोसळले आणि भलेभले धनिक धुळीस मिळाले. नेमक्या त्याच वर्षी मुंबईला नवा नगरपालिका कायदा मिळाला आणि आर्थर क्रॉफर्ड हा पहिला म्युनिसिपल कमिशनर झाला. त्याच्यावर देखरेख कोणाची? ‘जस्टिस ऑफ द पीस’ म्हणविणाऱ्या, सरकारने नेमलेल्या प्रतिष्ठितांची. त्यांतले बरेचसे सभेला येतही नसत.

क्रॉफर्ड कर्तबगार होता, ह्यात शंका नाही. त्यावेळची मुंबई म्हणजे उघडी गटारे, वस्तीत कत्तलखाने आणि उन्हाळा आला की पटकीची साथ. त्याने कत्तलखाने शहराबाहेर वांद्र्याला हलविले, सफाईची शिस्त लावली, रस्ते रुंद केले. १८६९ मध्ये त्याच्या नावाची मंडई उभी राहिली. आजही मुंबईला गेलेला माणूस ती पाहून थबकतो. सहा वर्षांत त्याने शहराचे रूप बदलले.

आणि १८७१ मध्ये त्याच शहरातले करदाते त्याच्याविरुद्ध उठले.

का उठले? क्रॉफर्डने खर्च करताना हात आखडला नव्हता. शिल्लक संपली, देणे वाढले, घरपट्टीची वसुली कडक झाली. ज्यांची शेअरबाजारात राखरांगोळी झाली होती त्यांच्या दारात पट्टीचा कारकून येऊन उभा राहिला. नवरोजी फर्दुनजींसारखे सुधारक करदात्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यांनी गटारे मागितली नव्हती असे नाही. त्यांना गटारे हवीच होती. पण किती खर्चाची, कोणाच्या संमतीने, आणि बिल कोणाच्या नावाने, हे त्यांना कोणी विचारले नव्हते. जे काम झाले ते त्यांच्यासाठी झाले. पण ते त्यांचे काम होऊ शकले नाही.

त्याच सुमारास पॅरिसमध्येही असेच घडत होते. ओस्मान नावाच्या प्रीफेक्टने सतरा वर्षे ते शहर खणून नवे केले. रुंद रस्ते, जमिनीखालची गटारे, पिण्याचे पाणी, बागा. आज जग जे पॅरिस पाहायला जाते ते बव्हंशी त्याचे. परंतु कर्जाचे हिशेब त्याने लोकप्रतिनिधींपासून दूर ठेवले. १८६८ मध्ये झ्यूल फेरी यांनी त्या हिशेबांचे वाभाडे काढणारी लेखमाला लिहिली, आणि जानेवारी १८७० मध्ये ओस्मानला घरी जावे लागले. मुंबई आणि पॅरिस यांच्यामध्ये समुद्र आहेत. माणसाचा स्वभाव मात्र दोन्हीकडे एकच निघाला.

आता मुंबईच्या भांडणातला सर्वांत मोलाचा प्रसंग सांगतो. २९ नोव्हेंबर १८७१ रोजी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये सव्वीस वर्षांचा एक तरुण बॅरिस्टर निबंध वाचायला उभा राहिला. त्याचे नाव फिरोजशहा मेहता. सभा क्रॉफर्डवर संतापलेली, आणि हा तरुण सांगू लागला की क्रॉफर्डने शहराचे भले केले आहे. दोष माणसाचा नाही, व्यवस्थेचा आहे. सभेने त्याची हुर्यो उडविली. पण त्याचे पुढचे म्हणणे फार खोल होते. कारभाऱ्याचे हात बांधू नका, असे तो म्हणत होता. हात मोकळे राहू द्या, पण त्या हातांचा हिशेब मागणारे सभागृह लोकांनी निवडलेले असू द्या. सरकारने नेमलेले जस्टिस हिशेब मागत नाहीत, कारण त्यांना कोणाला हिशेब द्यावयाचा नसतो.

पुढच्याच वर्षी कायदा बदलला. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांचे कॉर्पोरेशन आले. त्यांतले निम्मे करदात्यांनी निवडलेले. १८८८ च्या कायद्यावर तर फिरोजशहांची छाप इतकी मोठी आहे की त्यांचा पुतळा महापालिकेच्या दारात उभा आहे तो उगीच नव्हे. पण ह्याच तडजोडीतून ती चमत्कारिक रचना आली. काम करण्याची सत्ता आयुक्ताकडे, आणि लोकांचा रोष झेलण्याचे काम निवडलेल्यांकडे. इंग्रजांना हे सोयीचे होते. स्वराज्य आल्यावरही आपण ते बदलले नाही.

क्रॉफर्डचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे, नाहीतर गोष्ट एकांगी होईल. तो पुण्यास मध्य विभागाचा कमिशनर झाला आणि १८८८ मध्ये लाचखोरीच्या प्रकरणात सापडला. चौकशी समितीने लाचेचे आरोप मान्य केले नाहीत. पण हाताखालच्या लोकांकडून कर्जे घेतल्याबद्दल त्याला नोकरी गमवावी लागली. त्या प्रकरणात साक्ष देणाऱ्या मामलेदारांची बाजू टिळकांनी लढविली, हे आपणांस ठाऊक आहे. तेव्हा ज्या करदात्यांनी १८७१ मध्ये ‘ह्या माणसाच्या हातात न विचारता पैसा देऊ नका’ असे म्हटले, ते अगदीच अडाणी नव्हते. कर्तबगारी हा सचोटीचा दाखला नव्हे. आणि सचोटी असली तरी ती हिशेबाला पर्याय होत नाही.

येथे महात्मा फुल्यांची आठवण होते. १८७६ ते १८८२ ह्या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला तेव्हा सभागृहात विरोध करणारे ते एकटे होते. त्यांचे म्हणणे असे की हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला द्या. पुण्यात मोठी मंडई बांधण्याच्या बेतालाही त्यांचा आक्षेप होता, आणि तोही ह्याच कारणाने. काळाचा विनोद पाहा. आज पुण्याची ती मंडई आणि मुंबईतली क्रॉफर्डची मंडई, दोन्ही ज्योतिबांच्याच नावाने ओळखल्या जातात. ज्याने खर्चाचा हिशेब विचारला त्याचे नाव दगडावर आले. क्रॉफर्डचे नाव लोकांच्या जिभेवर राहिले, पाटीवरून मात्र गेले. फुल्यांचा प्रश्न क्रॉफर्डच्या करदात्यांहूनही एक पायरी पुढचा होता. करदाते विचारीत होते, ‘किती खर्च?’ फुले विचारीत होते, ‘कोणासाठी?’

हा झाला पहिला धडा. आता आपण स्वराज्यात येऊ, कारण पुष्कळांना वाटते की निवडणूक आली म्हणजे हा प्रश्न मिटला. तो मिटला नाही. त्याचे रूप बदलले.

मुंबईचे सदाशिव कानोजी पाटील, म्हणजे सदोबा पाटील, हे कोकणातले मराठी माणूस. स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगवास भोगलेले, मुंबई प्रदेश काँग्रेसवर वर्षानुवर्षे पकड असलेले. १९४९ ते १९५२ अशी सलग तीन वर्षे ते मुंबईचे महापौर होते. मी आताच सांगितले की महापौराच्या हाती सत्ता नसते. पण पक्ष ज्याच्या मुठीत त्याला कायद्याच्या सत्तेची वाट पाहावी लागत नाही. सदोबांची खुर्ची शोभेची नव्हती.

त्यांच्या पुढ्यात काम केवढे होते पाहा. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे आले. मुंबई बेटाची वस्ती १९४१ मध्ये सुमारे १५ लाख होती, ती १९५१ मध्ये सुमारे २३ लाख झाली. १९५० मध्ये उपनगरे जोडून शहराची हद्द वाढविली गेली. एवढ्या लोकांना पाणी कोठून आणायचे? वैतरणा नदीवरच्या धरणाचे काम त्या वर्षांत चालू होते. आज त्या तलावाला मोडक सागर म्हणतात. ना. वि. मोडक हे महापालिकेचे इंजिनियर, त्यांच्या नावावरून. ह्या साऱ्याचे श्रेय एकट्या सदोबांना देणे इतिहासाला धरून होणार नाही. धरण इंजिनियर बांधतो आणि मजूर बांधतो. पण वाढत्या शहराचा गाडा त्या दिवसांत उलटला नाही, ह्यात त्यांच्या करड्या हाताचा वाटा होता, हे त्यांच्या विरोधकांनीही मान्य करावे. मी त्यांच्या विरोधकांच्या परंपरेतला आहे, आणि मी मान्य करतो.

मग १९५५ आले. मुंबई महाराष्ट्राची की स्वतंत्र, हा प्रश्न पेटला. २० नोव्हेंबर १९५५ रोजी चौपाटीवर सभा झाली. सदोबा पाटील आणि मोरारजी देसाई व्यासपीठावर होते. पाच हजार वर्षांतही मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, अशा आशयाचे शब्द सदोबा बोलले. सभा उधळली गेली. दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, फ्लोरा फाउंटनपाशी मोर्चावर गोळीबार झाला आणि पंधरा माणसे मेली. पुढे जानेवारी १९५६ मध्ये आणखी रक्त सांडले. हुतात्म्यांची संख्या शंभरावर गेली. त्यांत गिरणी कामगार होते, हमाल होते, शाळकरी मुले होती.

सदोबांची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. मुंबई बहुभाषिक आहे, तिचा व्यापार एका भाषेच्या राज्यात अडकवू नये, असे त्यांना मनापासून वाटत होते. तसे मानणारे ते एकटे नव्हते. दार कमिशननेही १९४८ मध्ये भाषिक राज्यांना विरोध केलाच होता. मत चुकीचे असू शकते, ते बाळगण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. पण चौपाटीवर जे बोलले गेले ते मत नव्हते. तो निकाल होता, आणि ज्यांच्याबद्दल निकाल दिला ते लोक समोर वाळूत बसले होते. ज्यांनी ह्या शहराच्या गिरण्या चालविल्या, गोदीत पोती वाहिली, गटारे उपसली, त्यांना सांगितले गेले की हे शहर तुमचे नाही आणि कधी होणारही नाही. सांगणारा परका असता तर राग आला असता. सांगणारा आपल्यातलाच निघाला, म्हणून रागाची जखम झाली.

येथे कर्तबगार माणसाच्या मनाचा एक धर्म ध्यानात घ्यावा. ज्याने शहरासाठी राबराब राबून काम केलेले असते त्याला हळूहळू वाटू लागते की शहराला काय हवे ते आपल्यालाच कळते. पाइप कोठे टाकावा हे त्याला खरोखरच कळत असते. मग तो समजतो की माणसे कोठे जोडावीत आणि कोठे तोडावीत हेही आपल्याला कळते. पहिले ज्ञान आहे. दुसरी घमेंड आहे. दोहोंच्या मधली रेघ त्याला दिसत नाही, कारण भोवतालचे लोक तोवर ‘साहेब, बरोबर आहे’ म्हणायला शिकलेले असतात.

लोकांच्या मनाचाही एक धर्म आहे. नळाला पाणी आले म्हणजे आठ दिवस आनंद असतो, नवव्या दिवसापासून ते पाणी हक्काचे होते. ह्यात कृतघ्नता नाही. पाणी हा उपकार नव्हेच. आपल्या कोल्हापुराने काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनसाठी किती वर्षे मोर्चे काढले ते येथे बसलेल्यांना आठवत असेल. २०२३ च्या दिवाळीत ते पाणी शहरात आले. आज एखाद्या गल्लीत नळ कोरडा राहिला तर बाई ‘पूर्वी किती हाल होते’ असे म्हणून गप्प बसणार नाही, आणि बसूही नये. काम विसरले जाते, अपमान विसरला जात नाही. अपमानाचा नळ कधी बंद होत नाही.

१९५७ च्या निवडणुकांनी काय केले? संयुक्त महाराष्ट्र समितीने मुंबई महापालिका जिंकली. आचार्य मो. वा. दोंदे महापौर झाले. १९५८ मध्ये त्या खुर्चीवर शांताराम मिरजकर बसले. हे मिरजकर कोण? मीरत कटाच्या खटल्यातले आरोपी, गिरणी कामगारांचे पुढारी. ज्याला इंग्रज सरकारने राज्य उलथविण्याच्या आरोपाखाली पिंजऱ्यात उभे केले, तो मुंबईचा प्रथम नागरिक झाला. आमच्या चळवळीच्या लोकांचा ऊर ह्या गोष्टीने आजही भरून येतो.

पण ऊर भरून आला म्हणून डोळे मिटता येत नाहीत. सदोबांकडे पक्षाची सत्ता होती आणि लोकमत नव्हते. समितीच्या महापौरांकडे लोकमत होते आणि सत्ता नव्हती. राज्य द्विभाषिकाचे, आयुक्त राज्याचा, तिजोरी राज्याच्या मर्जीवर. लोकांनी चाळीतून उचलून खुर्चीत बसविलेला माणूस चाळीचा संडास दुरुस्त करायला निघाला की फाइल आयुक्ताच्या टेबलावर जाऊन बसत असे. तेव्हा नुसते लोकप्रिय असणे हेही उत्तर नाही. लोकांची माया आणि कामाची ताकद ही दोन वेगळी चाके आहेत. एकाच चाकावर गाडी चालत नाही.

सदोबा स्वतः मात्र १९५७ च्या लाटेतही दक्षिण मुंबईतून लोकसभेवर निवडून आले, १९६२ मध्येही आले. केंद्रात मंत्री झाले, अन्न खाते, रेल्वे खाते सांभाळले. लोक त्यांना मुंबईचा अनभिषिक्त राजा म्हणू लागले. १९६७ मध्ये त्यांच्यासमोर उभा राहिला छत्तीस वर्षांचा जॉर्ज फर्नांडिस. टॅक्सीवाले, हॉटेलांतले पोरगे, महापालिकेचे झाडूवाले यांच्या संघटना बांधणारा, महापालिकेत नगरसेवक असलेला. त्याच्या प्रचाराचा सारा मथितार्थ एका गोष्टीत होता. तुम्ही पाटलांना पाडू शकता, असे तो मतदाराला सांगत होता. आणि मतदाराने पाडले.

ह्या निकालात भाषेचा रागच सारा होता असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी मुंबईसह स्थापन झाले होते, आणि फर्नांडिस मूळचे मंगळूरचे. महागाई होती, धान्याची टंचाई होती, देशभर काँग्रेसला उतरती कळा लागली होती. पण त्या प्रचाराने नेमके कोठे बोट ठेवले ते पाहण्यासारखे आहे. पाटलांनी काय केले वा काय केले नाही, ह्यावर भर नव्हता. तुम्हाला किंमत आहे, एवढेच सांगितले होते. जो माणूस वर्षानुवर्षे ‘तुम्हाला विचारण्याची गरज नाही’ असे वागला, त्याला हेच वाक्य भारी पडले.

आता घरी येऊ. आपली नगरपालिका १८५४ ची, महानगरपालिका डिसेंबर १९७२ ची. ह्या शहराने रस्त्यांवरून एक मोठी लढाई केली. शहरातले सुमारे पन्नास किलोमीटर रस्ते खासगी कंपनीकडून २२० कोटींच्या प्रकल्पात बांधून घ्यायचे आणि तीस वर्षे टोल द्यायचा, असा करार झाला. रस्त्यांची गरज होती का? होती. महापालिकेकडे पैसा होता का? नव्हता. मग करार करणाऱ्यांच्या दृष्टीने त्यांनी शहाणपणाचेच केले होते. पण ऑक्टोबर २०१३ मध्ये नाक्यांवर पावती फाडायला सुरुवात झाली आणि कोल्हापूर पेटले. प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे यांच्यासारखी वयोवृद्ध माणसे रस्त्यावर उतरली. जानेवारी २०१४ मध्ये टोलनाके जळाले. लोकांची लढाई लोक आपल्या पद्धतीने लढले, आणि अखेर २०१६ च्या आरंभी टोल रद्द झाला. पानसरे तो दिवस पाहायला नव्हते. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या.

त्या काळात महापौराच्या खुर्चीवर जी जी माणसे आली त्यांच्याकडे लोक जाब मागत होते. आणि आपल्याकडे ती खुर्ची म्हणजे संगीत खुर्चीच. अडीच वर्षांची मुदतही पक्षांच्या वाटणीत कापली जाऊन काही महिन्यांवर येते. करार एकाच्या काळात, रस्ता दुसऱ्याच्या, पावती तिसऱ्याच्या आणि दगड चौथ्याच्या. नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर तर काही वर्षे प्रशासकाच्याच हाती कारभार होता. तक्रार करायला महापौरच नव्हता.

टोलच्या लढाईतले सत्य दोन्ही बाजूंनी सांगितले पाहिजे. लोकांचा प्रश्न खरा होता. आमच्याच गावात फिरायला आम्हीच तीस वर्षे पैसे देणार, हे ठरले तेव्हा आम्हाला का विचारले नाही? हा १८७१ चाच प्रश्न. पण टोल गेला म्हणून रस्त्याचा खर्च गेला नाही. कंपनीला भरपाई देण्याचा भार सरकारी तिजोरीवर पडला, म्हणजे आपल्यावरच, आणि डागडुजीचे ओझे महापालिकेच्या अंगावर आले. फुकट असे काहीच नसते. ज्या दिवशी हे आपण मोकळेपणाने मान्य करू त्या दिवशी आपल्याला हिशेब विचारण्याचा पुरा नैतिक अधिकार येईल.

कारखान्यातला अनुभव सांगतो, कारण तो ह्या साऱ्यावर प्रकाश टाकतो. तीन वर्षांनी पगारवाढीचा करार येतो. हुशार पुढारी असतो, मालकाचे ताळेबंद त्याला वाचता येतात. तो बंद खोलीत बसून घासाघीस करतो आणि खरोखर चांगला करार घेऊन येतो. गेटसभेत तो आकडे वाचू लागतो, आणि मागून आवाज येतो, ‘कँटीनचं काय झालं?’ पुढाऱ्याला राग येतो. हजारांची वाढ आणली आणि ही माणसे कँटीनच्या चहाचे बोलतात! असे दृश्य उद्यमनगरापासून शिरोलीपर्यंत मी कितीतरी वेळा पाहिले आहे. पण चहा हा चहा नसतो. मागणीपत्र लिहिताना फौंड्रीच्या भट्टीपुढच्या माणसाला कोणी विचारले नाही, हे तो चहाच्या शब्दात सांगत असतो. त्याच्याहून कमी वाढीचा करार दुसरा पुढारी आणतो. पण त्याने खात्याखात्यांत बैठका घेतलेल्या असतात, कोठे अडले ते रोज गेटवर सांगितलेले असते. तो करार टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो. कारण त्या करारातली कमतरता सगळ्यांनी मिळून पत्करलेली असते.

शहराचेही असेच आहे. तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. कर्त्या कारभाऱ्यावर लोक रुसतात ते तीन कारणांनी. पहिले, त्याने काम लोकांसाठी केलेले असते, लोकांना घेऊन केलेले नसते, आणि बिल मात्र लोकांच्या दारात येते. दुसरे, कामातल्या यशाने त्याचा कान बंद होतो, आणि तो पाण्याच्या हिशेबाइतक्याच खात्रीने माणसांच्या मानापमानाचा निकाल देऊ लागतो. तिसरे कारण त्याच्या हातचे नाही. आपल्या कायद्याने सत्ता एकीकडे आणि जबाबदारी दुसरीकडे ठेवली आहे, त्यामुळे लोकांचा राग बहुधा चुकीच्या दारावर जाऊन आपटतो. ह्या तिन्हींत ‘लोक कृतघ्न आहेत’ हे कारण मला सापडले नाही.

पण ह्यावरून लोकमत नेहमी बरोबर असते असा अर्थ कोणी काढू नये. फिरोजशहांची हुर्यो उडविणारी सभाही लोकमतच होती, आणि त्या दिवशी सभेहून तो एकटा तरुण अधिक खरे बोलत होता. लिटनच्या स्वागताला हात वर करणारे सारे सभागृह एकीकडे आणि ज्योतिबा एकीकडे होते. लोकमत हा रागाचा झटका असतो तोवर ते पाडू शकते, बांधू शकत नाही. त्याला बसायला जागा, बोलायला वेळ आणि पाहायला हिशेब मिळाला तरच त्याचे शहाणपण होते.

ही जागा कायद्याने दिली आहे, आपण ती वापरत नाही. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवर वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या. २०११ च्या जनगणनेत आपले शहर साडेपाच लाखांच्या घरात होते. २००९ मध्ये महाराष्ट्राने क्षेत्रसभेचा कायदा केला. गावाला ग्रामसभा तशी शहराच्या भागाला क्षेत्रसभा, जिथे मतदाराने उठून उभे राहावे आणि विचारावे. येथे जमलेल्यांपैकी किती जणांनी आपल्या भागाची क्षेत्रसभा पाहिली आहे, ते ज्याचे त्याने मनाशी आठवावे. आपण अंदाजपत्रक वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी वाचतो, पावती आली की रस्त्यावर येतो, आणि पाच वर्षांनी एकाला पाडून दुसऱ्याला आणतो. माणूस बदलतो, रीत तीच राहते.

तालमीतालमींतून, पेठापेठांतून आपले मंडळ गणपतीची वर्गणी पैनपै फलकावर लिहिते. नारळ किती आणले, मांडवाला किती दिले, सारे चौकात लावलेले असते आणि शाळकरी पोरसुद्धा ते वाचून शंका काढते. त्या फलकाशेजारी आपल्या प्रभागाच्या रस्त्याचा, गटाराचा, पाण्याच्या पाइपाचा हिशेब लावायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. माहिती मागायचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. पुढच्या अंदाजपत्रकाआधी ज्या पेठेत असा फलक लागेल, तिथे चांगला कारभारी टिकेल आणि वाईट कारभारी लवकर ओळखू येईल. शाहूपुरी असो, मंगळवार पेठ असो, आरंभ कोणीही करावा. खडू आणि फळा आमच्या संघटनेच्या कार्यालयातून घेऊन जावा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.